गाठ माझी, जीन्स कुणाचे?

'आपल्याकडे आहेच ते!' हे वाक्य ऐकून घाबरण्याआधी जरा थांबा. फायब्रॉइडचं मूळ शोधायला निघालात, तर आईच्या आधी भलतीच आरोपी सापडते : तुमचीच एक पेशी!

लग्नाच्या गाठी म्हणे स्वर्गात बांधल्या जातात. गर्भाशयातल्या गाठी कुठे बांधल्या जातात, हे मात्र कुणी सांगत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फायब्रॉइड' हा शब्द उमटला, की घरातल्या समस्त महिला मंडळाचा निकाल तयार असतो. 'आपल्याकडे आहेच ते. आईला होतं, मावशीला होतं, आता तुला.' जणू काही आजीची नथच हातात ठेवताहेत! डॉक्टरही सुरुवातीलाच विचारतात, 'फॅमिलीत कुणाला?' आपण मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो.

गेल्या वर्षी, २८व्या वर्षी, माझ्या रिपोर्टवर ३ सेंटिमीटरची एक गाठ आली. आता पेशाने पत्रकार असल्याचा एक तोटा असतो. 'आहेच ते' या उत्तराने समाधान होत नाही. आहेच म्हणजे काय? कुठल्या जीनमुळे? आईने दिलं की आपोआप आलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईची पिशवी काढावी लागली म्हणून माझीही काढावी लागणार का? मग काय, काही महिने डॉक्टरांचं डोकं खाल्लं, रिसर्च पेपर्स चाळले आणि घरातल्या जुन्या फायली माळ्यावरून खाली काढल्या. हाती लागलं ते तुमच्याशी शेअर करतेय. मुलांनो, तुम्हीही पान उलटू नका. तुमचा रोल पुढे आहे!

आधी बेसिक फंडा

गर्भाशय, म्हणजे आपल्या आया-मावश्यांच्या भाषेत 'पिशवी', ही मुळात स्नायूंची जाड भिंत. फायब्रॉइड ही या भिंतीतल्या स्नायूंचीच गाठ. डॉक्टरी नाव लिओमायोमा. आकार मुगाच्या दाण्यापासून कलिंगडापर्यंत काहीही. ही कॅन्सरची गाठ नव्हे, आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अगदीच दुर्मीळ. कित्येक जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काहींना मात्र पाळीत खूप अंगावरून जातं, गुठळ्या पडतात, ओटीपोट जड होतं, सारखं लघवीला जावं लागतं, हिमोग्लोबिन घसरतं. गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे बसलीय, यावर बरंच अवलंबून. पिशवीच्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठही भरपूर त्रास देते, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधीकधी गप्प बसते.

आणि ही गाठ किती कॉमन? वॉशिंग्टनमधल्या बायकांची सोनोग्राफी करून केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय बायकांना फायब्रॉइड होतात. त्यातल्या अनेकींना तर काहीच त्रास नव्हता. इतकी कॉमन गोष्ट असेल, तर 'आपल्याकडे आहेच ते' हे वाक्य बहुतेक घरांत खरंच ठरणार ना! एखादी गोष्ट घरात दोघींना असणं वेगळं आणि ती एकीकडून दुसरीकडे येणं वेगळं.

एक पेशी, एक गाठ

गाठ येते कुठून, याचा पहिला धागा १९६५ मध्ये सापडला. सिएटलमधल्या डेव्हिड लिंडर आणि स्टॅन्ली गार्टलर या दोन संशोधकांनी त्यासाठी एक भन्नाट आयडिया वापरली.

बाईच्या पेशीत दोन एक्स क्रोमोसोम असतात, एक आईकडचा, एक बाबांकडचा. पण गर्भ अगदी इवलासा असतानाच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करून टाकते. कुठला बंद करायचा, हा छापा-काटा! पुढे त्या पेशीच्या सगळ्या लेकीबाळी तोच नियम पाळतात. त्यामुळे बाईचं शरीर म्हणजे या दोन प्रकारच्या पेशींची भेळ.

एक्स क्रोमोसोमवरच्या एका जीनमधून जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम तयार होतं. काही बायकांकडे त्याचे दोन किंचित वेगळे प्रकार असतात, समजा 'अ' आणि 'ब'. अशा बायकांच्या गर्भाशयाच्या साध्या स्नायूत दोन्ही प्रकार सापडले. भेळच ती! पण फायब्रॉइड तपासला, तर एका गाठीत एकच प्रकार. एकतर फक्त 'अ', नाहीतर फक्त 'ब'. अनेक पेशींनी मिळून गाठ बनवली असती, तर दोन्ही प्रकार दिसले असते. म्हणजे अख्खी गाठ एकाच पेशीची वंशावळ! त्यातही एकाच पिशवीत काही गाठी 'अ'च्या, तर काही 'ब'च्या. म्हणजे शेजारी-शेजारी बसलेल्या गाठीसुद्धा एकमेकींच्या बहिणी नसतात, प्रत्येकीची सुरुवात वेगळी.

'ऑपरेशन करून गाठ काढली, तरी पुन्हा आली' ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचं एक उत्तर इथे आहे. बऱ्याचदा ती जुनी गाठ परत आलेली नसते, दुसऱ्या पेशीपासून नवी सुरू झालेली असते.

मध्यस्थ बिघडला की...

त्या एका पेशीत नेमकं बिनसतं काय? हे कळायला २०११ उजाडलं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या लाउरी आल्टोनेन यांच्या टीमने ८० बायकांच्या २२५ गाठी तपासल्या. त्यातल्या १५९ गाठींमध्ये, म्हणजे जवळपास ७० टक्क्यांमध्ये, एकाच जीनमध्ये बिघाड निघाला. त्याचं नाव मेड-१२. हाही एक्स क्रोमोसोमवरच राहतो.

पेशीत हार्मोन्सचे आणि इतर सिग्नल्सचे निरोप सतत येत असतात. ते जीन्स वाचणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवायचं काम प्रोटीन्सचा एक मोठा गट करतो. त्याचं नाव मीडिएटर, म्हणजे शुद्ध मराठीत मध्यस्थ! दोन्ही घरांचे निरोप इकडून तिकडे नेणारे, कुठे जोर लावायचा आणि कुठे आवरतं घ्यायचं हे कळणारे काका प्रत्येक लग्नात असतात ना, तसा. मेड-१२ हा याच टीमचा मेंबर. तो बिघडला, की आवरतं घेणारं कुणी उरत नाही. निरोप चुकतात, आणि पेशी गरज नसताना वाढत सुटते.

पण खरी बातमी पुढेच आहे. हा बिघाड फक्त गाठीत होता. त्याच बाईच्या गाठीशेजारच्या चांगल्या स्नायूत तो नव्हता. शिवाय एकाच बाईच्या दोन गाठींत बिघाडाची अक्षरंही वेगवेगळी असू शकतात. आईकडून आला असता, तर तो प्रत्येक पेशीत, अगदी रक्तातही दिसला असता. म्हणजे ही चूक वारशात आलेली नाही. पेशी विभागताना डीएनएची कॉपी होते आणि त्या कॉपीत एखादी 'टायपिंग मिस्टेक' राहून जाते. अशा चुका आपल्या सगळ्यांच्याच शरीरात होत असतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही निरुपद्रवी असतात. एखादी मात्र नेमकी नको त्या जागी होते.

एकदा चूक झाली, की तिला खतपाणी घालतात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स. म्हणून तर फायब्रॉइड पाळी सुरू होण्याआधी सहसा दिसत नाहीत आणि पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आक्रसतात.

अर्थात सगळ्याच गाठींचा गुन्हेगार मेड-१२ नव्हे. काही गाठींत १२ आणि १४ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून आपापसात अदलाबदल झालेली असते. १२व्या क्रोमोसोमवर एचएमजीए-टू नावाचा जीन आहे. आपण आईच्या पोटात वाढत असतो, तेव्हा तो कामात असतो, मोठेपणी बहुतेक ठिकाणी झोपून जातो. या तोडफोडीत तो जागा होतो आणि पुन्हा 'वाढा, वाढा' ओरडायला लागतो. मेड-१२च्या गाठी साधारणपणे लहान पण अनेक असतात, एचएमजीए-टूच्या बऱ्याचदा एकट्या पण मोठ्या. एका गाठीत हे दोन्ही बिघाड सहसा एकत्र नसतात. थोडक्यात, 'फायब्रॉइड' हे एक नाव असलं, तरी आतल्या स्टोऱ्या वेगवेगळ्या आहेत.

मग आई निर्दोष?

जवळपास. पण पूर्ण क्लीन चिट नाही. आईला किंवा सख्ख्या बहिणीला फायब्रॉइड असतील, तर आपल्याला ते होण्याची शक्यता साधारण दुप्पट ते अडीचपट असते, असं अभ्यास सांगतात. म्हणजे घराण्याचा थोडा हात आहेच.

तो कसा? जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये डीएनएवर अशा तीन जागा शोधल्या, जिथल्या अक्षरांतल्या किरकोळ फरकामुळे फायब्रॉइडची शक्यता थोडी बदलते. २०१९ मध्ये फायब्रॉइड असलेल्या ३५ हजारांहून जास्त बायकांचा डेटा एकत्र केला गेला आणि अशा २९ जागा समोर आल्या. त्यातल्या काही इस्ट्रोजेनच्या कामाशी जोडलेल्या आहेत, तर काही एंडोमेट्रिऑसिस या दुसऱ्या त्रासातही दिसतात. पण एकेका जागेचा परिणाम अगदी चिमूटभर. यातली एकही एकटी गाठ तयार करत नाही.

माझ्यापुरता मी याचा अर्थ असा लावला : आईकडून गाठ येत नाही, गाठीला मानवणारी जमीन येते. बी पडायचं की नाही, हे त्या एका पेशीवर. शिवाय जमीन एकटी आईच तयार करत नाही. वय, वाढलेलं वजन, लवकर सुरू झालेली पाळी, व्हिटॅमिन डीची कमतरता यांचाही संबंध अभ्यासांत दिसतो. मुलं झालेल्या बायकांमध्ये फायब्रॉइडचं प्रमाण कमी आढळतं, हेही खरं. पण म्हणून 'लग्न कर, सगळं बरं होईल' हे प्रिस्क्रिप्शन होत नाही, काकू!

माळ्यावरच्या फायली

एवढं वाचल्यावर मी आमच्याच घराची झडती घेतली. आईला फोन लावला.

'अगं, मोठ्या मावशीचीही पिशवी काढली, आजीचीही काढली. आपल्याकडे आहेच ते.'

'पण का काढली?'

'का म्हणजे? त्रास होता म्हणून.'

इथेच तर गोम आहे! मावशीला विचारलं, तर तिने बिनधास्त सांगितलं, 'मला कसली गाठ? माझं अंग बाहेर येत होतं गं.' म्हणजे गर्भाशय खाली सरकलं होतं, फायब्रॉइडचा संबंधच नाही. आजीच्या ऑपरेशनचा एकही कागद शिल्लक नाही. चाळिशी उलटली होती, मुलं झाली होती, 'आता काय करायचीय पिशवी' असं डॉक्टर म्हणाले आणि काढली, एवढीच आठवण. आईची फाइल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. आत हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता, त्यात लिओमायोमा स्पष्ट लिहिलेलं. तिघींची 'फॅमिली हिस्ट्री' एका संध्याकाळी एकीवर आली!

हे फक्त आमच्याच घरी नाही. आपल्याकडे पिशवी काढण्याची कारणं इतकी वेगवेगळी आणि कधीकधी इतकी पोकळ असतात, की नुसतं 'काढली' यावरून जीन्सबद्दल काहीच कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या ऑपरेशन्सवरून २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अनावश्यक ऑपरेशन्स रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश दिला. त्यामुळे आईला विचारायचा प्रश्न 'काढली का?' हा नाही, 'कशासाठी काढली?' हा आहे.

आणि हो, बाबांनाही विचारा

आता मुलांचा रोल. आतापर्यंत मी 'वारसा किरकोळ' म्हणत आले, पण त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तो दुर्मीळ आहे, पण माहीत असलाच पाहिजे.

अकरावी-बारावीच्या बायोलॉजीतली क्रेब्स सायकल आठवतेय? पेशीला एनर्जी देणारं ते चक्र. त्यात फ्युमरेट हायड्राटेज नावाचं एक एन्झाइम असतं. त्याचा जीन म्हणजे एफएच, पत्ता एक नंबरचा क्रोमोसोम. काही घराण्यांत या जीनची एक कॉपी जन्मतःच बिघडलेली असते. एखाद्या पेशीत दुसरी चांगली कॉपीही गेली, की चक्र अडतं, फ्युमरेट साचतं आणि पुरेसा ऑक्सिजन असूनही पेशी 'मला श्वास मिळत नाहीये' अशा थाटात वागायला लागते. तिथून गाठ सुरू होते. या आजारामागे हा जीन आहे, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. आजाराचं लांबलचक नाव हेरिडिटरी लिओमायोमॅटोसिस अँड रीनल सेल कॅन्सर, शॉर्टमध्ये एचएलआरसीसी.

यात फायब्रॉइड लवकर, बऱ्याचदा विशी-तिशीतच येतात, अनेक आणि मोठे असतात. त्वचेवर, विशेषतः हातांवर किंवा छाती-पाठीवर, लालसर-तपकिरी छोट्या गाठी येऊ शकतात. थंडीत किंवा हात लागला की त्या दुखतात. आणि खरी काळजी किडनीची. ज्यांच्याकडे हा बिघाड आहे, त्यांच्यापैकी साधारण १५ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी किडनीचा कॅन्सर होऊ शकतो. तो लहान असतानाच पसरणारा, आक्रमक प्रकार असतो.

हा जीन एक्स क्रोमोसोमवर नाही. तो आईकडून जितका येऊ शकतो, तितकाच बाबांकडूनही. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. बाबांना गर्भाशयच नाही, मग त्यांच्यात फायब्रॉइड दिसणार कसे? पण आत्याला ते तिशीच्या आत झाले असतील, काकांना तरुणपणी किडनीचा कॅन्सर झाला असेल, बाबांच्या पाठीवर दुखऱ्या गाठी असतील, तर ती सगळी एकाच साखळीची कडी असू शकते. 'फॅमिलीत कुणाला?' विचारल्यावर आपण फक्त आईकडची नावं घेतो. बाबांची बाजू कुणी मोजतच नाही!

हे वेळेत कळलं, तर करता येण्यासारखं बरंच आहे. रक्ताची जेनेटिक टेस्ट असते. बिघाड सापडलाच, तर किडनीवर दरवर्षी एमआरआयने नजर ठेवतात, आणि भाऊ-बहिणींनाही तपासून घेता येतं. एका मुलीच्या फायब्रॉइडमुळे तिच्या भावाची किडनी वाचू शकते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

माझ्या केसमध्ये? गाठ एकच, लहान. त्वचेवर काही नाही, दोन्हीकडच्या घरांत किडनीचा इतिहास नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेस्टची गरज नाही म्हणाले. आता सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बस्स. त्रास वाढलाच, तर गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी छोटी वस्तू आहे, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची प्रोसिजर आहे, नुसती गाठ काढून पिशवी ठेवण्याचं ऑपरेशन आहे. पिशवी काढणं हा सगळ्यात शेवटचा दरवाजा. तो कधीकधी उघडावा लागतोही, पण आईसाठी उघडला म्हणून माझ्यासाठी उघडायलाच हवा, असं कुठल्याही जीनवर लिहिलेलं नाही.

या वीकेंडला घरी विचारा

• आई, मावशी, आजी, आत्या : पिशवी काढली असेल, तर कशासाठी? गाठ, अंग बाहेर येणं, की आणखी काही?

• फायब्रॉइड होते, तर किती होते आणि कोणत्या वयात कळले? तिशीच्या आत आणि अनेक असतील, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

• दोन्हीकडच्या घरांत कुणाला किडनीचा कॅन्सर? विशेषतः तरुण वयात? पुरुषांनाही धरून!

• कुणाच्या अंगावर थंडीत दुखणाऱ्या बारीक गाठी आहेत का?

• गाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे का? तो रद्दीत घालू नका. एफएचचा संशय आला, तर काढलेल्या गाठीवर पॅथॉलॉजिस्टला खास तपासणी करता येते.

• सरसकट 'फायब्रॉइडची जीन टेस्ट' करायची गरज नसते. वरच्या उत्तरांत काही खटकलं, तरच डॉक्टरांकडून जेनेटिक काउन्सेलरचा सल्ला घ्या.

• पिशवी काढायला सांगितलीय? दुसरा पर्याय का चालणार नाही, हे विचारा आणि सेकंड ओपिनियन घ्या. तो तुमचा हक्क आहे.